घटक आधीं कीं गोष्ट आधीं?

२०१९ सालीं अकरावीच्या आणि २०२० सालीं बारावीच्या 'युवकभारती'त अभ्यासक्रम ठरविणाऱ्या मंडळींनीं एक स्तुत्य गोष्ट केली. अकरावीस नाटक व बारावीस कथा हे साहित्यप्रकार त्यांनीं स्वतंत्र विभाग करून नेमले आणि प्रत्येकाच्या आरंभीं त्या प्रकाराचा परिचय जोडला. या योजनेचें आम्ही मनापासून स्वागत करतों. आमचें भांडण पुस्तकाशीं नाहीं. पुस्तक वर्गांत उघडल्यावर त्याचें जें कांहीं केलें जातें, त्याच्याशीं आहे.

ती रीत महाराष्ट्रांत बहुतेक ठिकाणीं एकच आहे. परंतु तिचा खरा तोटा पहावयाचा असेल तर ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड या तालुक्यांकडे पहावें. कथेचे घटक कोणते, असें विचारतांच विद्यार्थी कथानक, पात्रें, वातावरण, संवाद, संघर्ष अशी माळ एका दमांत म्हणून दाखवितो. पण नुकत्याच वाचलेल्या कथेंतील माणसाला हवें तरी काय होतें, व तें त्याला कां मिळालें नाहीं, असें विचारलें कीं तोच विद्यार्थी खालीं पाहूं लागतो. गाईडांत तो प्रश्न नसतो!

वस्तुतः नेमलेले उतारेच या पाठांतराची फजिती करण्यास समर्थ आहेत. प्रशांत दळवी यांचें 'ध्यानीमनी' घ्या. त्या नाटकांतील मोहित हा मुलगा जन्मालाच आलेला नाहीं. अपत्यहीन आईच्या मनानें तो वाढविलेला आहे, आणि तरीही सारें घर त्याच्याभोंवतीं फिरत असतें. आतां पात्रांच्या यादींत मोहितचें नांव घालावें कीं घालूं नये? हा एक प्रश्न वर्गांत टाकून शिक्षकानें पंधरा मिनिटें स्वस्थ बसावें. पात्र म्हणजे काय, हें मुलें भांडून भांडून स्वतःच ठरवितील. दिलीप प्रभावळकर यांनीं 'हसवाफसवी'त एकट्यानें सहा भूमिका केल्या. नट आणि पात्र यांतील भेद यापेक्षां अधिक स्पष्ट कोणती व्याख्या करील? असें असतां हे उतारे वर्गांत बसून, एका सुरांत, उताऱ्याखालील प्रश्नांकडे डोळे लावून वाचले जातात. नाटक उभें राहून वाचावयाचें असतें, एवढी साधी गोष्टही आम्हांस लिहावी लागावी याचें वाईट वाटतें.

या तालुक्यांतील मुलांना वाचनाचे संस्कार नाहींत, म्हणून त्यांना व्याख्या देणेंच सोयीचें, असें म्हणणारे सद्गृहस्थ पुष्कळ आहेत. त्यांना आम्ही विचारतों, संघर्ष म्हणजे काय हें तुम्ही यांना शिकविणार? तानसा तलाव शहापूर तालुक्यांत आहे. १८९२ पासून त्याचें पाणी मुंबईस जातें, आणि पुढें भातसेचेंही जाऊं लागलें. त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकरची वाट पहावी लागते. हंडा घेऊन रांगेंत उभ्या राहिलेल्या मुलीला इच्छा, अडथळा, विलंब आणि उत्कंठा यांपैकीं एकाही घटकाची ओळख करून द्यावी लागत नाहीं. तिला फक्त एवढेंच कोणी सांगितलेलें नसतें कीं, तुझ्या रांगेंतही गोष्ट आहे. उलट 'दोन विरोधी शक्तींमधील ताण' असें पाठ करवून आपण तिला असें शिकवितों कीं, गोष्टी इतरांच्या असतात आणि आपण त्यांचीं उत्तरें लिहावयाचीं असतात. गुण तिला कदाचित् पूर्ण मिळतील. पण आपलें जगणें सांगण्याजोगें आहे ही जाणीव तिच्या हातून निसटून जाईल.

नाटकाविषयींही तेंच. २०१४ पर्यंत याच जिल्ह्यांत असलेल्या जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यांत मुखवटे चढवून देवदैत्यांचीं सोंगें नाचविलीं जातात. लिखित संहितेवांचून तेथें प्रवेश आहे, प्रतिनायक आहे, आणि पहाटेपर्यंत खिळून बसणारा प्रेक्षकही आहे. १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भाव्यांनीं 'सीतास्वयंवर' केलें तेव्हांही नटांचीं भाषणें लिहिलेलीं नव्हतीं. भरताच्या नाट्यशास्त्रांत पांच अवस्था व पांच संधि सांगितले आहेत खरे. परंतु त्याच ग्रंथाच्या पहिल्या अध्यायांत प्रयोग आधीं होतो, आपला पराभव दाखविलेला पाहून दैत्य खवळतात, आणि त्यानंतर नाट्यगृह बांधलें जातें. शास्त्रकारालाही हा क्रम ठाऊक होता.

तथापि नांवें मुळींच नकोत, नुसता आनंद पुरे, असें म्हणणारांच्या पंक्तीस आम्ही बसणार नाहीं. नांव मिळालें कीं अनुभव हातांत धरतां येतो, एका गोष्टीची दुसरीशीं तुलना करतां येते. ना. सी. फडक्यांच्या 'प्रतिभासाधना'शीं कोणाचे कितीही मतभेद असोत, लेखनाच्या कारागिरीविषयीं मराठींत उघडपणें बोलतां येतें हें त्यानें दाखविलें. नांव शेवटीं यावें, एवढेंच आमचें म्हणणें. वाडें तालुक्यांतील सोनाळें येथें काम करणाऱ्या 'क्वेस्ट' संस्थेनें 'गोष्टरंग' या उपक्रमांत तरुण नटांकडून आदिवासी मुलांच्या शाळांत गोष्टी रंगवून दाखविल्या; तो मार्ग मुरबाड-शहापूरच्या कोणत्याही शाळेस मोकळा आहे, आणि त्याला पडदा लागत नाहीं कीं दिवे लागत नाहींत.

राहिला भाषेचा प्रश्न. प्रतिमा इंगोले या वऱ्हाडी बोलींत लिहिणाऱ्या लेखिकेची 'गढी' बारावीस सन्मानानें नेमली गेली. मग ठाकूर, कातकरी किंवा वारली मुलानें संवाद आपल्या बोलींत म्हटला कीं शिक्षक त्यास अशुद्ध कां ठरवितात? संवादाची भाषा पात्राची असावी हें ज्या घटकाखालीं शिकवावयाचें, त्याच घटकाची ही पायमल्ली नव्हे काय?

सर्वांस एकसारखे गुण देतां यावेत म्हणून ठराविक उत्तरें हवींत, हा परीक्षकांचा आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. न वाचलेला दहा ओळींचा प्रवेश प्रश्नपत्रिकेंत छापावा, आणि यांत कोणाला काय हवें आहे, कोण आड येतो आहे, कोणती ओळ काढली तर प्रवेश कोसळेल, एवढें विचारावें. अशीं उत्तरें तपासणें कठीण नाहीं. त्यासाठीं परीक्षकानें प्रवेश स्वतः वाचावा लागेल इतकेंच. आणि एखाद्या वर्गानें मे महिन्यांतील विहिरीवरचा प्रसंग आपल्या बोलींत करून दाखविला, तर त्याला तोंडी परीक्षेचे गुण देतांना कोणीही गाईड उघडूं नये.