लेकरांना ‘फँड्री’ दाखवावा का?



सिनेमाविषयी लिहिताना आधी तो कुठं बघितला हे सांगायला पाहिजे. पूर्वी १४ एप्रिलच्या आगेमागे वर्गणी करून व्हिडिओ आणायचे, विहारापुढं सतरंज्या टाकायचे आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून तान्ह्या लेकरापर्यंत सगळी वस्ती रात्र जागवायची. १९९० च्या ‘भीमगर्जना’सारखे चित्रपट आपल्या लोकांनी असेच पाहिले. मधेच कुणी रडलं तर शेजारची बाई पाठीवर हात ठेवायची. आता आमच्या पेडगावातही पडदा तळहातावर आला आहे. दिवसभर कापूस वेचून आलेली माय चुलीपुढं, बाप दाराशी आणि पोरगं कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून काहीतरी बघतंय. काय बघतंय हे कुणाला ठाऊक नाही, आणि त्यानं काय मनाला लावून घेतलं हेही कुणाला कळत नाही.

म्हणूनच आयाबाया मला विचारतात तो प्रश्न आज इथं घेते. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ लेकरांना दाखवावा का?

आमच्या आत्याबाईंचं म्हणणं साफ आहे. “आम्ही भोगलं तेवढं पुरे झालं. लेकराच्या डोळ्यांपुढं पुन्हा कशाला? त्यांना बाबासाहेबांचा पिक्चर दाखव.” आत्याबाईंचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ज्यांनी पाण्यासाठी दुरून ओंजळ पुढं केली, त्यांना नातवंडांनी ताठ मानेनं वाढावं असं वाटणारच.

बाबासाहेबांचा चित्रपट घराघरात बघितलाच पाहिजे. जब्बार पटेल यांनी तो २००० साली पूर्ण केला. मूळ चित्रपट इंग्रजीत आहे. मल्याळी नट मामुट्टी बाबासाहेबांच्या भूमिकेत आहेत आणि त्या कामासाठी त्यांना उत्कृष्ट अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सोनाली कुलकर्णी यांनी रमाई उभी केली आहे. तीन तासांचा हा चित्रपट दोन रात्रींत विभागून बघितला तरी चालेल. तो पाहून लेकरांची छाती फुगते, आणि फुगावीच.

पण माझी अडचण पुढं आहे. महापुरुषाच्या चित्रपटात अपमान होतो तो महापुरुषाचा, आणि त्याचं उत्तर तो महापुरुषाच्या ताकदीनं देतो. आपली पोर परभणीला कॉलेजात जाते. तिथं पहिल्याच आठवड्यात कुणी गोड आवाजात विचारतं, “नुसतं नाव नको, आडनाव सांग की.” त्या वेळी तिच्या हाताशी ना बॅरिस्टरची पदवी असते ना गोलमेज परिषद. ती घरी येते, जेवत नाही, डोकं दुखतंय म्हणते. असल्या बारीक काट्याचं नाव तिला कुणी सांगितलेलंच नसतं. ‘फँड्री’ त्या काट्याचा चित्रपट आहे.

गोष्ट साधी आहे. जब्या नावाचा शाळकरी मुलगा आहे. घर कैकाड्याचं, आणि कैकाडी बोलीत फँड्री म्हणजे डुक्कर. वर्गातली शालू त्याला आवडते. तिनं आपल्याला चांगल्या कपड्यांत पाहावं एवढीच त्याची हौस. आणि गावाच्या जत्रेसाठी डुकरं धरायचं काम त्याच्याच घरावर येतं. सगळं गाव तमाशा बघतं, शालूसुद्धा हसते. बापाच्या भूमिकेत किशोर कदम आहेत. लेकावर ओरडणारा तो बाप आतून किती मोडलेला आहे, हे मोठ्या माणसांनी नीट बघावं. जब्या झालेल्या सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शेवटी जब्या दगड उचलून भिरकावतो, आणि तो थेट बघणाऱ्याच्या अंगावर येतो.

आमच्या धाकट्यानं विचारलं, “मम्मी, त्यानं दगड आपल्याला का मारला? आपण तर त्याच्या बाजूचे आहोत.”

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. त्याच चित्रपटात एक जागा आहे. धरलेलं डुक्कर काठीला बांधून खांद्यावरून नेताना मागं शाळेची भिंत दिसते. भिंतीवर बाबासाहेब आहेत, जोतिराव-सावित्रीबाई आहेत, शाहू महाराज आणि गाडगेबाबा आहेत. कुणी काही बोलत नाही. तसबिरी भिंतीवर आहेत आणि लेकरू मात्र डुक्कर वाहतंय. त्या भिंतीवरची माणसं आपली म्हणून आपण मिरवतो. मग आपल्याच गावच्या कडेला पालात राहणाऱ्या लेकराला आपल्या जयंतीच्या पंगतीत आपण मानानं बसवतो का? त्याच्या बापाला ‘अहो’ म्हणतो का? धाकट्याला मी एवढंच सांगितलं, की जो नुसता बघत उभा राहतो त्याच्या अंगावर तो दगड येतो.

कुणी म्हणेल, लेकराला एवढं कशाला सांगायचं? न सांगितल्यानं काय होतं, तेही बघा. महात्मा फुल्यांवरचा हिंदी चित्रपट २०२५ साली आला. ११ एप्रिलला, जोतिरावांच्या जयंतीदिवशी, तो येणार होता. वादामुळं २५ एप्रिलला आला. सेन्सॉर बोर्डानं त्यातले महार, मांग, पेशवाई हे शब्द बदलायला लावले. आचार्य अत्र्यांनी १९५४ साली ‘महात्मा फुले’ काढला, त्याच्या मुहूर्ताला स्वतः बाबासाहेब हजर होते. त्यानंतर सत्तर वर्षांनी पडद्यावर शब्दांची भीती वाटते! शब्द खोडला म्हणून जात जात नाही. आणि बोर्डाला नावं ठेवणाऱ्या आपण घरात लेकरांपुढं तीच कात्री चालवायची का?

मात्र नुसतं दुःखच दाखवू नये, याबाबत मी आत्याबाईंच्या बाजूनं आहे. मार खाणारा, रडणारा, मरणारा एवढाच आपला माणूस पडद्यावर बघून लेकरं स्वतःकडंही तसंच बघू लागतात. म्हणून जोडीला मंजुळे यांचाच २०२२ चा ‘झुंड’ ठेवावा. नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणारे विजय बारसे यांच्या कामावर तो बेतलेला आहे. अमिताभ बच्चन आहेत खरे, पण लक्षात राहतात ती वस्तीतली पोरं. त्यात भीमजयंती आहे, वर्गणी आहे, नाच आहे, म्हणजे आपलं रोजचं जगणं आहे. आणि रिंकू राजगुरूनं केलेली आदिवासी मुलगी पासपोर्टासाठी बापाबरोबर कागद गोळा करत फिरते, तो भाग बघा. जातीच्या दाखल्यासाठी तहसीलला खेटे घातलेल्या कुठल्याही घराला तो समजावून सांगावा लागणार नाही.

माहितीपट जरा मोठ्या मुलांसाठी. आनंद पटवर्धन यांनी चौदा वर्षं खपून २०११ साली ‘जय भीम कॉम्रेड’ पूर्ण केला. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं गेली. पुढं काही दिवसांत शाहीर विलास घोगरे यांनी जीव दिला. तिथून हा चित्रपट सुरू होतो. दुष्काळात मुंबईला गेलेली आपली नातीगोती अशाच वस्त्यांत आहेत. प्रसंग अंगावर येतात. दहावीच्या आतल्या लेकरांना दाखवू नये असं माझं मत. पण त्यातली गाणी आणि शाहिरांची हिंमत मोठ्यांनी सोडू नये.

मुलींसाठी खास सांगेन तो ‘रायटिंग विथ फायर’. उत्तर प्रदेशात २००२ साली सुरू झालेलं ‘खबर लहरिया’ हे बायकांनी चालवलेलं वृत्तपत्र कागदावरून मोबाईलवर कसं आलं, याची ही कथा. दलित बातमीदार बाई पोलीस ठाण्यात जाऊन शांतपणे जाब विचारते, हे मुलींनी डोळे भरून बघावं. हा माहितीपट २०२२ साली ऑस्करच्या शर्यतीत होता. आणि त्याच वेळी ‘खबर लहरिया’च्या बायकांनी जाहीर सांगितलं, की आमच्या कामाचं हे चित्र अपुरं आहे. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. जग टाळ्या वाजवत असताना ‘आमची गोष्ट आम्हाला विचारा’ असं म्हणायला धाडस लागतं.

तर माझं उत्तर असं. ‘फँड्री’ दाखवा, पण लेकराच्या हातात मोबाईल देऊन नव्हे. मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवा, घरातल्या सगळ्यांनी पुढं बसा. आधी ‘झुंड’ बघा, मग ‘फँड्री’. संपल्यावर लगेच दुसरं काही लावू नका. एकच विचारा, “तू तिथं असतास तर काय केलं असतंस?” लेकरू गप्प राहिलं तर राहू द्या. दोन दिवसांनी शेतात, नाहीतर शाळेच्या वाटेवर ते आपणहून बोलेल. त्या वेळी हातातलं काम बाजूला ठेवून ऐका.