जुन्या कॅमेऱ्याचा सौदा वेगळा करा

लग्नसमारंभाचे फोटो आणि व्हिडिओ काढून घर चालविणारे तरुण आज आपल्या जवळपास प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. यंत्रमागवाल्याचे भांडवल मागात असते, शिंप्याचे मशीनमध्ये असते, तसे या मुलांचे सारे भांडवल खांद्यावरच्या एका पिशवीत असते. काही वर्षांनी कॅमेरा बदलावाच लागतो. त्या वेळी जुन्याचे किती आले, यावर नव्यासाठी किती कर्ज काढायचे हे ठरते. जुन्याचे दहा हजार कमी आले तर तेवढी उचल वाढली, आणि बाजारातली उचल म्हटली की बहुतेक वेळा व्याज आलेच. ज्याला व्याजापासून दूर राहायचे आहे, त्याने जुना माल नीट विकायला शिकलेच पाहिजे.

आम्ही कापडाचे व्यापारी. पण जुन्या मालाचा सौदा कापडाचा असो की कॅमेऱ्याचा, त्याचा हिसाब एकच असतो. आमचे मत असे की, नवा कॅमेरा घेणे आणि जुना विकणे हे दोन सौदे आहेत. दुकानदार त्यांचा एक सौदा करू पाहतो. तो होऊ देऊ नये.

दोन आकडे वेगवेगळे विचारा

समजा, नव्या कॅमेऱ्यावर 1,50,000 रुपये किंमत लिहिली आहे. दुकानदार म्हणतो, "जुन्याचे पन्नास हजार देतो, वर एक लाख द्या." मुलगा खूश होतो, कारण जुन्याचे पन्नास हजार त्याला कोणी सांगितलेच नव्हते. पण तोच कॅमेरा काही मोडीत न घालता रोख घेणाऱ्याला 1,38,000 मध्ये मिळत असेल, तर जुन्याचे खरे पैसे 38,000 च आले. बाहेर एखादा होतकरू फोटोग्राफर त्याच जुन्या कॅमेऱ्याचे 46,000 द्यायला तयार असेल, तर नवा घरात यायला 92,000 लागतात. म्हणजे आठ हजारांचा फरक.

म्हणून दुकानात पाऊल टाकताच जुना कॅमेरा पिशवीतून काढू नये. आधी विचारावे, "रोखीने शेवटचा भाव काय?" तो कागदावर लिहून घ्यावा. मगच विचारावे, "हा जुना नुसता विकला तर रोख किती द्याल?" दोन्ही आकडे तीन दुकानांत विचारावेत. मुंबईकरांनी फोर्टात बोरा बाझारच्या बाजूला एक फेरी मारली, तर अर्ध्या दिवसात बाजार समजतो. "एक्सचेंज बोनस" नावाची रक्कम सांगितली गेली, तर तीही जुन्याच्या किमतीतच धरावी आणि बाहेरच्या भावाशी ताडून पाहावी. एवढे करूनही दुकानदाराचा आकडा बरा निघाला, तर खुशाल मोडीत द्यावा. आमचा विरोध एक्सचेंजला नाही, आंधळेपणाने केलेल्या एक्सचेंजला आहे.

बिलाकडेही लक्ष हवे. जीएसटीच्या नियमांत याचे उदाहरणच दिले आहे: जुना फोन घेऊन नवा फोन 20,000 ला दिला, पण तोच फोन एक्सचेंजशिवाय 24,000 ला विकला जात असेल, तर कराची किंमत 24,000 धरायची. कॅमेऱ्यालाही हाच न्याय लागू आहे. नव्याचे बिल पूर्ण किमतीचे घ्यावे आणि जुन्याची पावती वेगळी मागावी. ज्यांनी जीएसटी नंबर घेऊन कॅमेरा धंद्याच्या नावावर खरेदी केला आणि त्यावरचा कर वजा करून घेतला, त्यांना जुना विकतानाही कराचा हिसाब द्यावा लागतो. त्यांनी आधी आपल्या कर सल्लागाराला विचारावे.

दुकानदाराची बाजूही समजून घेतली पाहिजे. जुना माल घेणाऱ्याचे पैसे तो विकला जाईपर्यंत अडकून राहतात. बिघाड निघाला तर दुरुस्ती त्याच्या गळ्यात पडते. नियमाप्रमाणे जुन्या मालाचा धंदा करणारा खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरू शकतो, तो त्याच नफ्यातून जातो. त्यामुळे तो बाहेरच्या भावापेक्षा कमी देणार, हे रास्तच आहे. पण किती कमी देतो, हे आपल्याला माहीत असले पाहिजे.

भाव कशावर ठरतो

पहिली गोष्ट शटर. मोटारीला जसे किलोमीटर, तसे कॅमेऱ्याला क्लिक. कॅननच्या 5डी मार्क 4 चे शटर कंपनीने दीड लाख क्लिकचे सांगितले आहे, निकॉन डी850 चे दोन लाखांचे. एका लग्नात दोन-तीन हजार क्लिक होतात, म्हणजे पन्नास लग्नांत लाख-दीड लाख. निकॉनच्या बहुतेक कॅमेऱ्यांत हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच नोंदला जातो. कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत तो वेगळ्या सॉफ्टवेअरने काढावा लागतो. विकणाऱ्याने तो आधीच काढून सांगावा. शटर बदलले असेल तर सर्व्हिस सेंटरचे बिल दाखवावे. नव्या शटरने भाव पडत नाही, उलट सावरतो.

दुसरी गोष्ट लेन्स. बॉडी लवकर जुनी होते, चांगली लेन्स भाव धरून राहते. कॅननच्या ईएफ लेन्सा 1987 पासूनच्या आहेत आणि 2018 मध्ये आलेल्या नव्या आर मालिकेच्या बॉडीवर त्या अडॅप्टरने चालतात. म्हणून बॉडी आणि लेन्स यांचे भाव वेगवेगळे मागावेत. "सगळे मिळून किती?" या प्रश्नात लेन्सचे पैसे बुडतात.

मात्र आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सची खरी दुश्मन बुरशी. कोकणात आणि मुंबईत कपाटात बंद ठेवलेल्या लेन्समध्ये ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि काचेवरचा लेप खाते. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवण्याचा खर्च चहापाण्याएवढा, पण विकताना त्याने हजारो रुपये वाचतात. खोका, मूळ बॅटरी, चार्जर आणि बिल हेही पहिल्या दिवसापासून जपावे. नातेवाइकाने गल्फमधून आणलेल्या कॅमेऱ्याला इथे सहसा कंपनीची वॉरंटी मिळत नाही, म्हणून त्याचा भाव कमीच येतो. घेतानाचा फायदा आणि विकतानाचा तोटा दोन्ही मांडून पाहावेत.

ऐब सांगून विका

कापडाच्या बाजारात ताग्यात डाग किंवा तुटलेला धागा असला, की त्या जागी किनारीला दोरा बांधतात आणि तेवढी सूट देतात. घेणारा राग धरत नाही, उलट पुढच्या वेळी त्याच दुकानी येतो. कॅमेऱ्यालाही असाच दोरा बांधावा. स्क्रीनवर ओरखडा आहे, फ्लॅश कधी कधी चालत नाही, लेन्सच्या कडेला बुरशीचा ठिपका आहे, हे आधी सांगावे. ऐब लपवून विकलेला माल परत करण्याचा हक्क आपल्या फिकहने खरेदीदाराला दिला आहे, हे विसरू नये. आणि व्यवहाराच्या नजरेने पाहिले तरी, घेणाऱ्याने टॉर्च मारून ऐब शोधला की तो दोन हजारांच्या दोषाचे पाच हजार कापतो. आपण सांगितला तर दोनच कापतो.

केव्हा विकावा

लग्नाचा हंगाम सुरू होण्याच्या महिनाभर आधी. तेव्हा नव्याने धंद्यात उतरणारे कॅमेरा शोधत असतात. हंगाम संपून पाऊस लागला की विकणारेच जास्त. दिवाळीच्या सुमारास कंपन्या नव्या मालावर सूट देतात, तिचा भार जुन्याच्या भावावर पडतो.

मोठ्या बदलाकडेही डोळे उघडे ठेवावेत. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही 2018 मध्ये बिनआरशाचे मोठे कॅमेरे काढले, आणि 2020 नंतर आरशाचा नवा डीएसएलआर काढलेला नाही. ज्यांच्याकडे जास्तीचे डीएसएलआर नुसते पडून आहेत, त्यांनी भाव वाढण्याची वाट पाहू नये. रोज कामाला येणारा कॅमेरा मात्र केवळ फॅशनसाठी विकू नये. तो अजून आमदनी देतो आहे.

पावती आणि अमानत

सौदा ठरला की साध्या कागदावर का होईना, मॉडेल, सीरियल नंबर, क्लिकचा आकडा, सांगितलेले ऐब, रक्कम आणि तारीख लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. घेणाऱ्याने मूळ बिलाची झेरॉक्स आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत मागावी. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली गुन्हा आहे. बिनबिलाचा स्वस्त कॅमेरा घेताना हे लक्षात असावे. मोबाइलवर पैसे येणार असतील, तर आपल्या खात्यात जमा झाल्याची खात्री करूनच माल द्यावा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागणारा ठग समजावा.

शेवटची गोष्ट पैशांपलीकडची आहे. कॅमेऱ्यासोबत मेमरी कार्ड कधीही देऊ नये. पुसलेले फोटोही सॉफ्टवेअरने परत काढता येतात. त्या कार्डात लोकांच्या घरच्या लेकीबाळींचे फोटो असतात. ज्या कुटुंबाने विश्वासाने घरात बोलावले, त्याची ती अमानत आहे. शंभर-दोनशे रुपये जास्त मिळतात म्हणून ती कोणाच्या हाती देणारा फोटोग्राफर एका सौद्यात सारे गिऱ्हाईक गमावून बसेल.

आमच्या तरुण बंधूंना एवढीच विनंती आहे. पुढच्या वेळी कॅमेरा बदलायला निघाल तेव्हा खिशात कागद-पेन ठेवा, आणि नव्याचा आकडा एका बाजूला, जुन्याचा दुसऱ्या बाजूला लिहा. मधली रेघ दुकानदाराला पुसू देऊ नका.