अर्धव्हॅम्पायर, डाकीण आणि शूर्पणखा

चित्रकथा आणि भयकथा हे दोन्ही प्रकार आपल्या समीक्षेने 'रंजनपर' या एका विशेषणाने निकालात काढले. त्याची प्रतिक्रिया म्हणून आता दुसऱ्या टोकाचा एक युक्तिवाद पुढे येतो : पाश्चात्त्य भयचित्रकथेतील अर्धव्हॅम्पायर नायिका मराठीत आणावी, तिला नऊवारी नेसवावी, कथानक पंचवटीत घडवावे, की देशीकरण साधले. पहिली भूमिका आळशी आहे. दुसरी घातक आहे. प्रस्तुत लेखाचा रोख दुसरीवर आहे.

अर्धव्हॅम्पायर ही कल्पना बाल्कन लोकश्रद्धेतली. व्हॅम्पायर पिता आणि मानवी माता यांच्या अपत्याला तेथे 'धम्पिर' म्हणतात. व्हॅम्पायर ओळखण्याची व मारण्याची शक्ती त्याच्या ठायी असते, अशी समजूत आहे. १९६९ मध्ये अवतरलेली व्हॅम्पिरेला परग्रहावरून आलेली रक्तपायी होती. २००२ च्या संगणकीय खेळातून पुढे चित्रकथेत गेलेली रेन मात्र धम्पिर आहे. या नायिकेचे नाट्य रक्तात आहे. तिचे सुळे खरे आहेत, तिची तहान खरी आहे, याविषयी वाचकाला शंका नसते. ती तहान ती कशी आवरते, किंवा कोणाविरुद्ध वळवते, एवढाच प्रश्न उरतो.

हा प्रश्न आपला आहे काय? येथे दोन भाषिक घोटाळे आड येतात. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेताळकथांना 'विक्रम अँड द व्हॅम्पायर' असे नाव दिले. तेव्हापासून वेताळ म्हणजे व्हॅम्पायर हे समीकरण रूढ झाले. वस्तुतः 'वेतालपंचविंशती'तील वेताळ प्रेतात वसतो आणि राजाला कोडी घालतो; कोकणात आणि गोव्यात तर तो गावाचा राखणदार देव आहे. दुसरा घोटाळा आपल्या परिभाषेतला. 'अँटिहिरोइन'साठी आपण सर्रास 'प्रतिनायिका' लिहितो. पण 'दशरूपका'तील प्रतिनायक हा लोभी, पापी, व्यसनी असा नायकाचा शत्रू आहे. कथेच्या केंद्रस्थानी असूनही नायकत्वाचे रूढ गुण नसणारी व्यक्ती ही निराळी कोटी आहे. तिला 'अ-नायिका' म्हणणे अधिक योग्य. नावातच शत्रुत्व गृहीत धरले, की पुढचा विचार खुंटतो.

पंचवटीत तो खुंटलाच आहे. उत्तरकांडानुसार शूर्पणखा विश्रवा ऋषी आणि राक्षसकन्या कैकसी यांची मुलगी. म्हणजे अर्धरक्ताची नायिका शोधायला बाल्कनपर्यंत जाण्याचे कारण नव्हते. परंतु तिची भावंडे पाहावीत. त्याच आईबापांचा रावण परंपरेत ब्राह्मण म्हणूनही ओळखला जातो, बिभीषण धर्मात्मा ठरतो, आणि ती तेवढी निखळ राक्षसी राहते. रक्त एकच असताना निवाडे तीन, हे ध्यानात घेतले तर निवाडा रक्ताचा नाही, हे उघड आहे. तिचे रूपही कवीगणिक बदलते. वाल्मीकी रामाच्या एकेका सौंदर्यविशेषासमोर तिची एकेक कुरूपता मांडत जातो. कंबनाच्या तमिळ रामायणात ती सुंदर रूप घेऊन येते. न बदलणारी गोष्ट एकच : नाक कापले जाते. नाशिक या नावाची लोकव्युत्पत्ती त्या नाकाशी जोडलेली आहे, ही बाब आपण कौतुकाने सांगतो.

यावर आक्षेप येईल की, शूर्पणखा सीतेवर धावून गेली होती. गेली होती, आणि ते झाकण्याचे कारण नाही. तिला निष्पाप पीडिता ठरवणारे वाचन तिला राक्षसी ठरवणाऱ्या वाचनाइतकेच सोपे आहे. अ-नायिका निर्दोष असावी लागत नाही. मात्र तिचा दोष आणि तिच्यावर मारलेला शिक्का या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात.

हा भेद केवळ वाङ्मयीन नाही. सातपुड्याच्या पट्ट्यात स्त्रीला डाकीण ठरवून मारहाण झाल्याच्या, तिला गावाबाहेर काढल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. एखाद्या व्यक्तीवर करणीचा आळ घेऊन तिचा छळ करणे हा गुन्हा आहे, असे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात लिहावे लागले. ज्या समाजात 'ती माणसे खाते' हे वाक्य गावासमोर आरोप म्हणून उच्चारले जाते, तेथे 'ती खरोखरच रक्त पिते, पण मनाने चांगली आहे' असे सांगणारी चित्रकथा बंडखोर नसते. तिने आरोप मान्य करून फक्त शिक्षा माफ केलेली असते.

नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठी भयकथेला वाचक मिळवून दिला. समीक्षेने मात्र त्या वाचकाच्या भीतीचे स्वरूप विचारले नाही. चित्रकथेच्या बाबतीत ही हेळसांड अधिक महाग पडेल. कादंबरीकार सुळे आहेत की नाहीत, हे संदिग्ध ठेवू शकतो. चित्रकाराने ते एकदा रेखाटले की निवाडा झाला. म्हणून आपल्या चित्रकाराला पहिला निर्णय असा घ्यावा लागेल की, ही चौकट कोणाच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे : आरोप करणाऱ्याच्या, जमलेल्या गावाच्या, की तिच्या स्वतःच्या? तीच स्त्री तीन चौकटींत तीन चेहऱ्यांनी दाखवण्याची सोय या माध्यमात आहे, आणि दोन चौकटींमधल्या रिकाम्या जागेत काय घडले, ते वाचकाला स्वतः भरावे लागते. ही ताकद न वापरता पंचवटीत धम्पिर उतरवणारा चित्रकार नव्या रंगात जुनेच नाक कापत असेल, आणि त्याला देशीयतेचे प्रमाणपत्र देणारा समीक्षक त्या कृत्याचा साक्षीदार नव्हे, भागीदार ठरेल.