न पिळता फिरलेला हात

उभे राहा आणि उजवा हात कोपरात न वाकवता अंगालगत सरळ खाली सोडा. अंगठा समोर, तळवा मांडीकडे. आता हात समोरून खांद्याच्या उंचीपर्यंत उचला. अंगठा छताकडे जाईल. त्याच उंचीवर हात उजवीकडे न्या आणि तिथून सरळ खाली आणा. वाटेत हात कुठेही पिळायचा नाही. (खांदा दुखत असेल तर ही कसरत घरातल्या दुसऱ्या कोणाला करू द्या.) आता अंगठा पाहा. तो बाहेरच्या बाजूला आहे आणि तळवा पुढे आला आहे. हात निघाला तिथेच परतला, पण स्वतःभोवती ९० अंश फिरून.

बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ सालच्या खांद्यावरील पुस्तकात याच जातीचं कोडं मांडलं होतं. ‘कॉडमनचा विरोधाभास’ आमच्यापैकी अनेकांनी तोंडी परीक्षेपुरता पाठ केला. त्याचं उत्तर मात्र शरीररचनेत नाही, भूमितीत आहे.

खांदा हा गोलाचा मध्य समजा. हाताचं टोक त्या गोलावर तीन रेषांचा त्रिकोण काढतं आणि त्याचे तिन्ही कोन काटकोन असतात. सपाट कागदावर त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश, इथे ती २७०. जास्तीचे ९० अंश म्हणजेच अंगठ्याचं फिरणं. हात कोणी पिळला नाही. तो वक्र पृष्ठभागावरून फिरून आला, एवढंच.

जवळून पाहिलं तर सपाट वाटणाऱ्या, पण एकूणात वक्र असू शकणाऱ्या अशा अवकाशाला गणितज्ञ ‘मॅनिफोल्ड’ म्हणतात. गावाचा नकाशा कागदावर नीट मावतो, अख्ख्या पृथ्वीचा मावत नाही, तसंच हे. खांदा घेऊ शकेल अशा सगळ्या स्थिती मिळून एक त्रिमितीय मॅनिफोल्ड होतो. त्यातली जागा तीन कोनांनी सांगता येते, पण ते कोन कोणत्या क्रमाने मोजले हे सांगितल्याशिवाय त्यांना अर्थ नसतो.

हीच भूमिती मांजराला वाचवते. १८९४ मध्ये पॅरिसमध्ये एत्येन-ज्यूल मारे यांनी (हेही वैद्यकाचेच पदवीधर) उलट्या सोडलेल्या मांजराची छायाचित्रं एकापाठोपाठ टिपली. हवेतच वळून ते पायांवर पडतं हे पाहून विद्वान बुचकळ्यात पडले. निसर्गाचे नियम कोणत्याही दिशेला तोंड केलं तरी तेच राहतात. या सममितीमुळेच कोनीय संवेग कायम राहतो, हे एमी नोएथर यांच्या १९१८ च्या सिद्धांतातून निघतं. मांजर गिरकी न देता सोडलं असेल, तर पडताना त्याचा कोनीय संवेग शून्यच राहायला हवा, आणि तो राहतोही. मांजर कंबरेत वाकतं, पुढचा व मागचा भाग वेगवेगळा पिळतं आणि पुन्हा सरळ होतं. आकार मूळ जागी परततो, पण शरीर अर्ध वळण घेऊन. आपला अंगठा वळला, तसंच.

आता ओपीडीत या. खांदा आखडलेल्या रुग्णाच्या केसपेपरवर आम्ही लिहितो, ‘बाहेरचं रोटेशन इतके अंश’. एकाने ते हात अंगालगत ठेवून मोजलेलं असतं, दुसऱ्याने हात बाजूला ९० अंश उचलून. दोघांची शून्याची जागाच वेगळी. मग तीन महिन्यांत सुधारणा झाली की मोजण्याची स्थिती बदलली, हे कागदावरून कळत नाही. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी हालचाली मोजतानाही हाच घोळ होऊ शकतो, आणि त्या टक्केवारीवर एखाद्याची सवलत अवलंबून असते. संशोधकांनी हे ओळखलं. आंतरराष्ट्रीय बायोमेकॅनिक्स संघटनेने २००५ मध्ये खांद्याचे कोन कोणत्या क्रमाने मांडावेत याची शिफारस केली. रोजच्या ओपीडीपर्यंत ते फारसं झिरपलेलं मला दिसत नाही.

माझं म्हणणं असं की याचं मूळ अकरावीतच आहे. डॉक्टर व्हायचं तर पीसीबी घ्यायचं आणि गणिताला रामराम ठोकायचा. ‘नीट’मध्ये गणित नाहीच. तिथे गणिताचा पेपर आणा असं मी म्हणणार नाही, त्याने फक्त क्लासवाल्यांचं भलं होईल. पण पहिल्या वर्षी सांधे शिकवताना एक संत्रं, एक पेन आणि अर्धा तास एवढं तरी द्यावं. सहकारी म्हणतात, बाहेर रांग लागलेली असताना ही चैन कुठली? मोजायला लागतो तेवढाच वेळ लागतो. फक्त आकड्यापुढे ‘हात अंगालगत’ किंवा ‘हात ९० अंशांवर’ असं लिहायचं. केसपेपरवर त्यासाठी रकाना नाही. मी समासात लिहितो.