बँड माणसांमुळे बुडत नाही

मुंबईतल्या रॉक बँडची गोष्ट बहुतेक वेळा भाऊबंदकीच्या अंगानं सांगितली जाते. कोण केव्हा आला, कुणाचं कुणाशी बिनसलं, कोण परदेशी गेला, आणि शेवटी 'अहंकार आडवा आला' हे ठरलेलं पालुपद. 'रॉक मशीन', म्हणजे पुढे ज्यांनी 'इंडस क्रीड' हे नाव घेतलं, त्यांच्याबद्दलही असंच बोललं जातं. १९८४ मध्ये मुंबईत उभा राहिलेला हा बँड १९९७ मध्ये थांबला आणि २०१० मध्ये पुन्हा एकत्र आला. गिटारवादक महेश तिनईकर सुरुवातीलाही होते आणि २०१२ च्या 'इव्हॉल्व्ह' या अल्बमवरही आहेत. त्यांच्या भोवतीची मंडळी मात्र बरीच बदलली. या बदलांकडे पडझड म्हणून पाहिलं जातं, ते मला पटत नाही. अशा संगीतात माणसं येणं-जाणं हा रोजचा व्यवहार आहे. तो व्यवहार पेलायला शहरात जागा लागते. सरावाची खोली लागते आणि दर आठवड्याला वाजवता येईल असं छोटं व्यासपीठ लागतं. मुंबईनं ही सोय कधी नीट केलीच नाही, आणि जी थोडीफार होती तीही घालवली.

आधी थोडं लंडनकडे पाहू, कारण ज्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्याचा जन्म तिथला. तीन मिनिटांच्या गाण्याऐवजी दहा-वीस मिनिटांची रचना, सात किंवा पाच मात्रांचे अवघड ताल, मध्येच सनई-चौघडा वाजावा तसा वाद्यांचा थाट, असा एकूण कारभार. 'किंग क्रिम्सन' हा त्यातला अग्रणी बँड. १३ जानेवारी १९६९ रोजी या मंडळींनी फुलहॅम पॅलेस रोडवरच्या एका कॅफेच्या तळघरात सराव सुरू केला. एप्रिलमध्ये पहिला जाहीर कार्यक्रम, ५ जुलैला हाइड पार्कमध्ये 'रोलिंग स्टोन्स'च्या आधी वाजवण्याची संधी, ऑक्टोबरमध्ये पहिला अल्बम. आणि डिसेंबर उजाडेपर्यंत इयन मॅकडॉनल्ड आणि मायकेल जाइल्स या दोघांनी बँड सोडलासुद्धा! पुढच्या वर्षी गायक ग्रेग लेक गेला. मूळ वादकांपैकी उरला तो एकटा रॉबर्ट फ्रिप. आपल्याकडच्या हिशेबानं बँडचा निकाल तिथेच लागायला हवा होता. पण फ्रिपनं नवी माणसं घेतली, ती गेली, आणखी नवी घेतली, आणि १९७३ मध्ये बिल ब्रूफर्ड, जॉन वेटन, डेव्हिड क्रॉस आणि जेमी म्युर यांच्यासह 'लार्क्स टंग्ज इन ॲस्पिक' काढला. तो पहिल्या अल्बमची नक्कल नाही, वेगळंच संगीत आहे. हा ब्रूफर्ड आला कुठून? 'येस' या बँडमधून. 'येस'नं स्वतः १९७० मध्ये गिटारवादक बदलला, १९७१ मध्ये की-बोर्डवाला बदलला, आणि त्या बदललेल्या संचानंच १९७२ मध्ये 'क्लोज टू द एज' केला. त्याच्या नावाची रचना रेकॉर्डची एक अख्खी बाजू व्यापते.

यावर जाणकार रसिक म्हणतील की क्रिम्सनचा पहिला संच पुन्हा जमला नाही, तेव्हा माणसांचं जाणं इतकं हलक्यात घेऊ नये. म्हणणं रास्त आहे. ग्रेग लेकचा आवाज नंतरच्या कुणाकडे नव्हता. पण नवं माणूस येताना नवं वाद्य, नवी खोड आणि नवा वाद घेऊन येतं, आणि या प्रकारच्या संगीताचा जीव त्या वादातच असतो. लंडनमध्ये हे जमलं याचं कारण इंग्रज माणसं अधिक समजूतदार होती असं नव्हे. भांडणं तिथेही कडाक्याची झाली. कारण साधं होतं. एक गेला तर दुसऱ्याला घेऊन तळघरात महिनाभर बसता येत होतं, 'मार्की'सारखे क्लब होते, विद्यापीठांतल्या विद्यार्थी संघटना वर्षभर कार्यक्रम ठेवत होत्या. 'जेनेसिस'ची पोरं तर १९६९-७० चा हिवाळा डॉर्किंगजवळच्या एका मित्राच्या कुटुंबाच्या बंगलीत राहून फक्त सराव करत होती. १९७० मध्येच त्यांचा गिटारवादक गेला आणि फिल कॉलिन्स नावाचा ड्रमर आला. तो पुढे काय झाला ते सांगायला नको.

आता मुंबई. इथे बँड काढायचा तर पहिला प्रश्न ड्रमसेट कुठे मांडायचा हा. परदेशात पोरं गॅरेजमध्ये वाजवतात म्हणे. गिरगावातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात किंवा परळच्या चाळीत गॅरेज कुठून आणणार? तबला-पेटी घरात मावते, गवयाचा रियाज शेजारी सहन करतात, प्रसंगी कौतुकही करतात. बास ड्रम आणि ॲम्प्लिफायर ही गोष्ट वेगळी. म्हणून इथला सराव मित्राच्या घरी, कॉलेजच्या रिकाम्या खोलीत किंवा तासाच्या भाड्यानं मिळणाऱ्या जॅम रूममध्ये. खिशात पैसे असतील तितके तास. 'रॉक मशीन'च्या मंडळींनी अशाच शहरात दुसऱ्यांची गाणी वाजवण्यापासून स्वतःच्या रचनांपर्यंतचा पल्ला गाठला. १९८८ मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' आणि १९९० मध्ये 'द सेकंड कमिंग' हे दोन्ही अल्बम त्यांच्या स्वतःच्या इंग्रजी गाण्यांचे. तोवर संच घडला होता: उदय बेनेगल गायला, तिनईकर आणि जयेश गांधी गिटारवर, मार्क सेल्विन बेसवर, झुबिन बालापोरिया की-बोर्डवर, मार्क मेनेझिस ड्रम्सवर. १९९३ मध्ये नाव बदललं, १९९५ मध्ये नव्या नावाचा अल्बम आला. आणि १९९७ मध्ये सगळं थांबलं. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले. तिथे त्यांनी 'आम्स फॉर शांती' नावाचा वेगळा उद्योग केला.

त्या काळात दक्षिण मुंबईत एक जागा होती: धोबीतलावचं रंगभवन. सेंट झेविअर्सला लागून असलेलं सरकारी खुलं नाट्यगृह. तिथे नाटकं झाली, १९७८ पासून जॅझ यात्रा भरली, २६ मार्च १९८० ला 'द पोलिस' हा इंग्रजी बँड वाजवून गेला. १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'इंडिपेंडन्स रॉक'चं तर ते अनेक वर्षं घरच होतं. मग न्यायालयानं ध्वनिप्रदूषणाचे नियम कडकपणे लागू केले. रुग्णालय, शाळा-कॉलेज आणि न्यायालय यांच्या शंभर मीटरच्या परिसरात शांतता क्षेत्र. रंगभवनाच्या एका अंगाला कॉलेज, जवळच कामा आणि जी. टी. रुग्णालय. २००३ च्या सुमारास तिथलं संगीत बंद झालं.

इथे कुणी मला अडवेल, आणि अडवावंच. इंडस क्रीड थांबला १९९७ मध्ये, रंगभवन गप्प झालं त्यानंतर पाच-सहा वर्षांनी. म्हणजे जागा असतानाच बँड मोडला, मग जागेचं रडगाणं कशाला? उत्तर असं की रंगभवन ही वर्षातून एक-दोनदा मिळणारी मोठी जागा होती. त्यानं प्रतिष्ठा मिळत होती, पोट भरत नव्हतं. बँडला हवा असतो तो दर शुक्रवारचा छोटा कार्यक्रम, जिथे नवं गाणं दोनशे लोकांपुढे पडतं, फसतं, दुरुस्त होतं आणि घरी चार पैसेही जातात. नव्वदच्या दशकात असं ठिकाण जवळपास नव्हतं. दुसरीकडे कॅसेट कंपन्यांना आणि नव्या संगीतवाहिन्यांना हिंदी पॉपची चटक लागली होती. पस्तिशीकडे झुकणाऱ्या माणसानं अशा वेळी काय करावं? तो जाहिरातींच्या जिंगल्स करतो, नोकरी धरतो किंवा देश सोडतो, आणि आपण त्याला म्हणतो, 'पटलं नाही त्यांचं आपसात.' लंडनमध्येही माणसं गेली, पण ती एका बँडमधून दुसऱ्या बँडमध्ये गेली. आपल्याकडची संगीतातूनच बाहेर गेली किंवा शहरातून गेली. लाइनअप बदलणं आणि गळती लागणं यातला हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

२०१० मध्ये इंडस क्रीड परत आला तेव्हा बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया यांच्यासोबत रुशद मिस्त्री आणि जय राव कवी हे तरुण वादक होते. 'इव्हॉल्व्ह'मधली गाणी लांब आहेत, वळणं घेत जातात. जुन्या रॉक मशीनपेक्षा प्रोग्रेसिव्हच्या अधिक जवळची. नवी माणसं आली की संगीत कसं सरकतं याचा घरचा दाखला. हे घडलं तेव्हा लोअर परळच्या मथुरादास मिल कंपाउंडमध्ये 'ब्लू फ्रॉग' सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. रोज कुणी ना कुणी वाजवणार, आवाजाची यंत्रणा चोख, शेजारी स्टुडिओ. एका क्लबमुळे बँड जिवंत झाला असं मी म्हणणार नाही. पण त्या दशकात मुंबईत स्वतःची गाणी वाजवणारे बँड एकदम इतके दिसू लागले, त्यामागे असं ठिकाण होतं हे कसं नाकारणार? २०१६ मध्ये ब्लू फ्रॉगही बंद झालं. गिरणीच्या जागेतली भाडी काय असतात हे गिरणगावाला वेगळं सांगायला नको. शिवाय तिथलं तिकीट आणि खाणंपिणं लालबागच्या कॉलेजातल्या पोराला परवडणारं नव्हतंच. रंगभवनाच्या पायऱ्यांवर बसणं परवडत होतं.

हे सगळं ऐकून मराठी वाचक विचारेल की या इंग्रजी गोंगाटाशी आपला संबंध काय. संबंध जुना आहे. नंदू भेंडे हे आत्माराम आणि आशा भेंडे या रंगकर्मी दांपत्याचे चिरंजीव. सत्तरच्या दशकात ते मुंबईतल्या रॉक बँडमधून गायले, अलेक पदमसींच्या 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार'मध्ये जूडस झाले, आणि १९७८ मध्ये पु. ल. देशपांड्यांच्या 'तीन पैशाचा तमाशा'त अंकुश. जब्बार पटेलांच्या त्या नाटकात रॉकचा गळा मराठी रंगभूमीवर बिनदिक्कत वावरला. अलीकडचं उदाहरण 'कोशिश' या मुंबईच्या बँडचं. त्यांचा 'फिरदौस' हा २०१३ चा अल्बम संपूर्ण हिंदी प्रोग्रेसिव्ह रॉक आहे. भाषेची अडचण कधीच सुटली आहे.

आणि रॉक बाजूला ठेवला तरी दादरचा पुरावा आहेच. १९६० मध्ये विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, श्रीराम लागू यांनी 'रंगायन' उभी केली. वॉर्डन रोडच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये तिच्या तालमी होत. 'शांतता! कोर्ट चालू आहे' रंगायनचंच. दहा-अकरा वर्षांत मतभेद विकोपाला गेले, रंगायन फुटली, आणि १९७१ मध्ये अरविंद-सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांनी 'आविष्कार' काढली. त्या वेळी 'प्रायोगिक रंगभूमी संपली' असं म्हणणारे कमी नसतील. पण १९७४ मध्ये आविष्कारला दादरच्या छबिलदास शाळेतलं सभागृह मिळालं. ना धड रंगमंच, ना विंगा, ना आरामखुर्च्या. तरी पुढची जवळपास दोन दशकं त्या सभागृहात कितीतरी संस्थांनी नाटकं केली, नट एका संस्थेतून दुसरीत गेले, परत आले, भांडले, आणि या सगळ्याला आपण आज आदरानं 'छबिलदास चळवळ' म्हणतो. संस्थेला कुणी 'फुटकी' म्हणत नाही. चळवळीला शाळेच्या सभागृहाचं नाव आहे!

तरी या बाबतीत मुंबईचं वागणं सुधारलेलं नाही. परळचं दामोदर नाट्यगृह १९२२ चं, सोशल सर्व्हिस लीगचं. कामगार रंगभूमी, नमन, जाखडी, दशावतार अशा कलांना शंभर वर्षं आसरा देणारं. पुनर्विकासासाठी ते नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद झालं आणि कलावंतांना रस्त्यावर यावं लागलं. जाखडीवाल्यांचं दुखणं आणि गिटारवाल्यांचं दुखणं एकच आहे, फक्त त्यांची ओळख नाही.

लॅपटॉपवर घरबसल्या अल्बम होतो, मग सभागृह कशाला, असंही आता म्हटलं जातं. एकट्याचं संगीत होतं, हे खरं. सात मात्रांच्या तालात पाच जणांनी एका दमात सम गाठायची तर पाचही जण एका खोलीत असावे लागतात. हे बैठकीत बसणाऱ्या कुणाही तबलजीला विचारा. आवाजाचा आक्षेप मात्र मी पूर्ण मान्य करतो. कामा रुग्णालयातल्या बाळंतिणीच्या उशाशी खुल्या मैदानातले स्पीकर नकोत, मग ते रॉकचे असोत की गणपतीचे. म्हणूनच मागणी खुल्या रंगभवनाची नाही. तिथे बंदिस्त नाट्यगृह करण्याची चर्चा अधूनमधून होते. ते करताना तळघरात ध्वनिरोधक सरावाच्या चार खोल्या काढाव्यात, तासाचं भाडं विद्यार्थ्याला परवडेल असं ठेवावं, आणि वर दोनशे-तीनशे खुर्च्यांचं एक छोटं सभागृह आठवड्यातून दोन संध्याकाळी नव्या संगीतासाठी राखावं. दामोदरच्या नव्या आराखड्यातही तालमीच्या खोल्या मागून घ्याव्यात, तिथे जाखडीचा ढोल आणि ड्रमसेट आळीपाळीनं वाजतील. महापालिकेच्या दादर-परळमधल्या शाळांचे वर्ग संध्याकाळी रिकामे असतात, त्यातले थोडे आवाज अडवणारे करून देणं हा काही कोट्यवधींचा प्रकल्प नव्हे. माहीमच्या महापालिका शाळेत आविष्कारला जागा मिळाली होती, तेव्हा पूर्वउदाहरण नाही असं कुठल्या अधिकाऱ्याला म्हणता येणार नाही.