दुसरी घंटा

खाजगी शाळा म्हटली की मुंबई-पुण्याच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे टाय लावलेली मुले आणि फाटकाशी उभ्या असलेल्या मोटारी येतात. आमच्या महाड-पोलादपूरकडे खाजगी याचा अर्थ निराळा. येथे खाजगी म्हणजे संस्थेची. गावातल्या चार वकील-व्यापाऱ्यांनी कधीकाळी वर्गणी काढून उभी केलेली. मास्तरांचा पगार सरकारी अनुदानातून यायचा, कौले फुटली तर संस्थेकडे अर्ज करायचा, आणि नवा फळा हवा असेल तर मुंबईत नोकरीला असलेल्या माजी विद्यार्थ्याला गणपतीत गाठायचे. अशा शाळेला मालक नसतो. पण छप्पर गळू लागले की गावातला प्रत्येक जण मालकाच्या सुरात बोलतो!

अशाच एका शाळेत मी तीस वर्षे मराठी आणि इतिहास शिकवला. वसतिगृह नव्हते. मुले सकाळी यायची, संध्याकाळी जायची. लोकांना वाटते, शाळा हेडमास्तर चालवतात. छे! अशी शाळा एस.टी. चालवते. वस्तीची गाडी पहाटे वेळेवर सुटली, तर पहिल्या तासाला वर्ग भरलेला. ती घाटात कुठे बंद पडली, की अर्धे बाक रिकामे. संध्याकाळी पाचाच्या गाडीची वेळ झाली की शेवटच्या तासाला कोणीही शिकवो, मुलांचे कान स्टँडकडे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचा धडा मी नेहमी दुपारच्या सुट्टीआधी घेत असे. रायगड जिथून जवळ, तिथल्या मुलांनी तो तरी गाडीच्या धास्तीत ऐकू नये.

आषाढ-श्रावणात तर शाळेचे वेळापत्रक सावित्री आणि गांधारी ठरवीत. लावणीचे आठ-दहा दिवस निम्मा वर्ग शेतावर. उरलेली मुले ओल्या दप्तरांनिशी यायची आणि डबे उघडले की नाचणीच्या भाकरीचा न् सुक्या मासळीचा वास वर्गभर. बाजारपेठेकडे पाणी चढू लागल्याची बातमी आली, की नदीपलीकडच्या मुलांना आधी सोडायचे, हा आमचा अलिखित नियम. बाहेरच्या माणसाला त्यात सुट्टीची गंमत दिसे. पण २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पडून दोन एस.टी. गाड्या पुरात गेल्या, आणि २२ जुलै २०२१ ला महाड शहर पाण्याखाली असतानाच तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. तेव्हापासून त्या नियमाला कोणी हसत नाही.

हे सगळे ठाऊक असूनही आमच्या शाळेत एक उशिराची वही होती. दुसरी घंटा झाली की फाटक बंद. प्रार्थना आणि राष्ट्रगीत संपेपर्यंत उशिरा आलेली मुले बाहेर उभी. मग नावे वहीत. महिन्यात तीनदा नाव आले तर पालकांना चिठ्ठी. वही माझ्याकडे होती आणि, खोटे कशाला बोला, मला तिचा अभिमान होता. सरकारी शाळेत शिस्त नसते, आपल्याकडे असते, असे आम्ही मास्तर चहा पिताना एकमेकांना सांगत असू.

एका वर्षी पोलादपूरच्या पलीकडल्या एका वाडीतली आठवीतली मुलगी त्या वहीत एका महिन्यात अकरा वेळा आली. मी चिठ्ठी धाडली. तिचे वडील आले. पायरीवर चपला काढून आत आले, खुर्चीवर बसा म्हटले तरी उभेच राहिले. चिठ्ठी माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "गुरुजी, ही चिठ्ठी तुम्ही स्टँडवर द्या. पोर तर पाचाला उठून रस्त्यावर उभी असते."

आवाज चढलेला नव्हता. मी नियम समजावून सांगितला. त्यांनी मान डोलावली आणि ते गेले. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलगी आली नाही. चौकशी केली तेव्हा कळले, मुंबईला नातेवाइकांकडे गेली, मूल सांभाळायला. चिठ्ठीमुळेच गेली असे मी म्हणणार नाही. घरात कारणे पुष्कळ असतात. पण अकरा वेळा तिचे नाव माझ्या अक्षरात होते.

पुढे रा. बा. मोरे यांच्यावरचे, त्यांचे चिरंजीव सत्येंद्र मोरे यांचे पुस्तक वाचनात आले. दासगावचा हा मुलगा, जन्म १९०३ चा. शिष्यवृत्ती मिळवून तो महाडच्या इंग्रजी शाळेत आला, आणि अस्पृश्य म्हणून त्याला प्रवेश नाकारला गेला. पोराने काय करावे? वर्तमानपत्राला पत्र लिहिले! प्रवेश मिळाला, बसवले मात्र इतरांपासून वेगळे. सार्वजनिक पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळाही अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात व्हायला १९२३ साल उजाडले. डॉ. आंबेडकरांना महाडला आणण्यासाठी खटपट करणाऱ्यांत हेच मोरे पुढे होते, आणि २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर काय झाले ते मी वर्गात दरवर्षी शिकवीत होतो. तळे शिकवले. त्याच गावातले शाळेचे दार कधी शिकवले नाही.

आमच्या फाटकाची आणि त्या दाराची बरोबरी मी करीत नाही. ते दार जन्म पाहून बंद होई, आमचे घड्याळ पाहून. पण बाहेर उभ्या मुलाला आतली प्रार्थना ऐकू येत असते, एवढे दोन्हीकडे सारखे. दाराचा वाद संपलेला नाही, हेही पाहा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित शाळांतही पहिलीच्या प्रवेशात निदान २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवायला सांगितल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर त्यांना यातून सूट दिली. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

मुलगी गेली त्याच वर्षी मी शिक्षकसभेत दुसरी घंटा मागे न्यावी असे सुचवले. एक सहकारी म्हणाले, "उद्या एस.टी. बाराला आली तर बाराला भरवायची का शाळा?" हशा झाला. हेडमास्तरांनी तोड काढली: घंटा वेळेवरच होईल, फाटक मात्र गाडी येईपर्यंत उघडे. वही कपाटात गेली. पुढे मुलींना एस.टी.चा पास फुकट झाला. पास हातात आणि गाडीचा पत्ता नाही, असे दिवस तरीही येत.

मी निवृत्त होईपर्यंत आमचा शिपाई घंटेचे टोले देऊन झाले की हातोडी खाली न ठेवता फाटकात जाऊन उभा राही आणि रस्त्यावरच्या कोणालाही विचारी, "पोलादपूरची दिसली का रे?"