गावासाठी संगणक घेताना आधी वॅट विचारा

माळशेज घाटाच्या पायथ्याशी, कल्याण-नगर रस्त्यावर मुरबाड तालुक्यातलं वैशाखरे आहे. या पट्ट्यात पावसाळ्यात तारेवर फांदी पडली की वीज जाते आणि कधी येईल याचा नेम नसतो. उन्हाळ्यात पत्र्याखालची खोली अक्षरशः भाजून निघते. अशा गावातल्या शाळेसाठी किंवा ग्रामपंचायतीसाठी संगणक घेताना मात्र चौकशी होते ती ‘आय-थ्री की आय-फाईव्ह’ एवढीच. प्रोसेसर वीज किती खातो, हे कोटेशनमध्ये कुणी विचारत नाही. खरं तर ते सगळ्यात आधी विचारायला हवं.

मुरबाडला लागून असलेल्या कर्जत तालुक्यात हा विचार पूर्वी झाला होता. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जागतिक उपक्रमाचा भारतातला सुरुवातीचा प्रयोग २००७ मध्ये खैराटच्या धनगरवाड्यावरच्या छोट्या शाळेत झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपमध्ये एएमडीचा जिओड एलएक्स-७०० प्रोसेसर होता. वेग ४३३ मेगाहर्ट्झ आणि वीज जेमतेम ०.८ वॅट. पंखा नव्हता, फिरणारी हार्ड डिस्क नव्हती आणि पडदा भर उन्हातही वाचता येई. हा उपक्रम देशात फोफावला नाही, पण प्रोसेसरची निवड गावाकडे बघून केलेली होती. वीज वाचली ती वेगाच्या बदल्यात. प्रोग्रॅम उघडेपर्यंत मुलांना ताटकळावं लागे.

आज एवढी तडजोड करावी लागत नाही. इंटेलचा एन-१०० हा प्रोसेसर २०२३ च्या सुरुवातीला आला. चार कोअर, ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत वेग आणि नोंदलेला वीजवापर ६ वॅट. २०१५ च्या आय-फाईव्ह-६५०० ची नोंद ६५ वॅटची होती. एन-१०० साधारण त्याच्याच बरोबरीने काम करतो. दाखले, ऑनलाइन नोंदी, मराठी टायपिंग, धड्यांचे व्हिडिओ यांना तो पुरून उरतो.

फरक कळतो तो वीज गेल्यावर. साध्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तास. रूपांतरातली गळती धरून ५० हाती लागले असं मानू. मॉनिटरसकट १०० वॅट ओढणारा जुना डेस्कटॉप त्यावर फार तर अर्धा तास निघेल. एन-१०० चा छोटा संगणक आणि लहान मॉनिटर मिळून ३० वॅट ओढत असतील, तर दीड तासाहून जास्त वेळ मिळतो. तेवढ्यात रांगेतल्या माणसाचा दाखला निघतो, त्याची खेप वाया जात नाही.

इतक्या कमी विजेच्या प्रोसेसरला पंखा लागतोच असं नाही, आणि पंखा नसण्याचा फायदाही मोठा आहे. गावातला जुना कॅबिनेट उघडून पाहावा. पंख्याने ओढलेली धूळ पावसाळी दमटपणाने हीटसिंकच्या पात्यांवर थापून बसलेली असते, हवा आत शिरत नाही आणि प्रोसेसर तापतो. बिनपंख्याच्या डब्यात उष्णता धातूच्या बाहेरच्या कवचातून निघून जाते.

पण ‘६ वॅट’ वाचून भुलू नये. तो आकडा प्रोसेसरपुरता असतो. बरेच उत्पादक ही मर्यादा सैल ठेवतात आणि जोराच्या कामात अख्खा डबा २० वॅटच्या पुढे जातो. कवच लहान असेल तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. असा संगणक बंद कपाटात किंवा फायलींच्या ढिगाखाली ठेवला, तर मे महिन्यात तो रखडणारच.

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा पर्याय आहे, पण कामाप्रमाणे. पर्जन्यमापकाच्या नोंदी साठवायला पाय झिरो भरपूर झाला. वर्गात व्हिडिओ दाखवायचे असतील तर हे ध्यानात ठेवावं: पाय ४ मध्ये एच-२६४ व्हिडिओ उलगडणारी खास यंत्रणा होती, ती पाय ५ मधून काढली आहे. तिथे ते काम मुख्य प्रोसेसरवरच पडतं. एन-१०० मध्ये ती सोय आहे.

शहापूर-मुरबाडमधल्या शाळा-ग्रामपंचायतींसाठी खरेदी करताना जिल्हा परिषदेने निविदेत चार अटी घालाव्यात: पूर्ण भाराखाली प्लगपाशी मोजलेले वॅट, ४५ अंशांच्या हवेत चालण्याची हमी, पंखा नसणे आणि फिरणाऱ्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी. पुरवठादाराने नमुना संगणक एप्रिलच्या दुपारी, पत्र्याखालच्या एखाद्या वर्गात, सलग दोन तास व्हिडिओ लावून चालवून दाखवावा. त्यानंतरच बाकीची ऑर्डर द्यावी.